पाण्यातली भिंगरी

श्रोतेहो, गळ आणि गांडूळ ही जोडी शिरूर-दौंडकडच्या माणसाला नव्यानं सांगायला नको. शिरूरला घोडनदी, दौंडला भीमा. दोन्ही काठांवर तासन्‌ तास गळ टाकून बसलेली माणसं मी लहानपणापासून पाहत आलो आहे. आता तरुणांच्या पिशवीत वेगळंच आमिष दिसतं. वाकवलेली तार, तिच्या एका टोकाला शिशाचं डोकं, गळ आणि रबरी झालर. दुसऱ्या टोकाला गरगर फिरणारी चकचकीत पाती. हे स्पिनरबेट. त्याची बहीण बझबेट. तिला पातीऐवजी छोटा पंखा असतो आणि ती पाण्यावरून खळखळ करत धावते.

यात ना वास, ना चव. मग मासा फसतो कसा? मरळ आणि शिवडा हे शिकारी मासे. माशाच्या दोन्ही अंगांवर एकेक रेघ असते. तिच्यातून त्याला पाण्यातली हालचाल कळते. पाती फिरली की पाणी थरथरतं, चमक दिसते आणि त्याला वाटतं, मासोळी पळाली!

पाती निवडायची ती पाणी पाहून. गढूळ पाण्यात गोल पाती. ती संथ ओढली तरी जोरात थरथरते. पाणी निवळलं की वाळुंजाच्या पानासारखी लांबट पाती, कारण तिची चमक जास्त. गळाच्या वर तार आडवी येत असल्यानं स्पिनरबेट बुडालेल्या फांद्यांत सहसा अडकत नाही. जलपर्णीच्या दाटीत मात्र दोन्ही निकामी. तिथं कडेकडेनं ओढावं. बझबेट पहाटे किंवा तिन्हीसांजेला, वारा पडलेला असताना. ओढ थांबली की ती बुडते, म्हणून हात चालता ठेवायचा. पाणी उसळलं तरी लगेच हिसका देऊ नये. दोरीला वजन जाणवू द्यावं.

आता मला खरं सांगायचं आहे ते. मरळ पावसाळ्यात पाणवनस्पतींत जागा करून अंडी घालते आणि नर-मादी दोघंही राखण करतात. पिल्लं तांबूस-केशरी, त्यांचा थवा वर आला की पाण्यावर लालसर डाग हलताना दिसतो. त्यावरून बझबेट नेली की आई-बाप झडप घालतात. भुकेनं नव्हे, पिल्लांसाठी. याहून सोपी शिकार नाही. पण ते गेले की पिल्लांवर दुसरे मासे तुटून पडतात.

एक मुलगा मला म्हणाला, “चाचा, मी सोडली तर दुसरा कोणी नेईलच की!” मी म्हटलं, “बाळा, नेईल कदाचित. पण तुझ्या हातून गेली नाही, एवढं तर तुझ्या हातात आहे.”

रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा पुण्याची घाण घेऊन भीमेला मिळते. अशा पाण्यात मासा तग धरतो, हेच खूप. भोई कुटुंबांची चूल या पाण्यावर पेटते, तेव्हा ठेक्याच्या पाण्यात परवानगीशिवाय गळ टाकू नये. गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून ठेवावा, म्हणजे मासा सोडताना जखम कमी होते. आणि लालसर डाग दिसला, तर दोरी गुंडाळून पुढच्या डोहाकडं चालू लागावं. मरळ तिथंही असते.