‘ळ’ पुरायचे नाहीत

मी पोलादपूरचा. कवींद्र परमानंदांची समाधी असलेल्या गावचा. पण माझी कविता सुरू झाली महाडच्या बाजारपेठेतल्या एका छापखान्यात.

थोरल्या बहिणीच्या लग्नपत्रिकेसाठी अब्बांबरोबर गेलो होतो. शाळकरी वय. जुळारीकाका स्टिकमध्ये खिळे लावत होते, मी समोर उभा. अक्षरं उलटी दिसत होती. ‘‘वाच बघू,’’ काका म्हणाले. मी उजवीकडून सुरुवात केली आणि घडाघडा वाचत गेलो. काका चाटच पडले. त्यांना काय ठाऊक, रोज सकाळी मदरशात मी त्याच बाजूने वाचून येत होतो! घरी कोकणी, शाळेत मराठी. ‘तुझी भाषा नक्की कोणती रे?’ असं विचारणारे तेव्हाही होते. त्या दिवशी ओळ मला दोन्हीकडून उघडी सापडली.

देवनागरीची जुळणी मोठी जिकिरीची. काना-मात्रा, जोडाक्षरं धरून खिळ्यांची शेकडो घरं. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर काढला, तेव्हाही हीच कसरत.

कॉलेजात असताना पहिली कविता छापायला नेली. काकांनी कागद पाहिला. ‘‘ ‘ळ’ पुरायचे नाहीत. एक ओळ काढ.’’ उर्दूत नसलेलं नेमकं तेच अक्षर! रागारागाने ओळ खोडली. ती पुन्हा कधी घातली नाही. कविता तिच्यावाचूनच बरी होती.

२००५च्या जुलैत पुराचं पाणी पेठेत शिरलं. खिळ्यांच्या केसी चिखलाने भरल्या. धुऊन वाळवलेले चार ‘ळ’ काकांनी माझ्या हातावर ठेवले.

‘‘घेऊन जा,’’ म्हणाले, ‘‘आता मला लागायचे नाहीत.’’