अंगणातला गावठी गुलाब

श्रोतेहो, शनिशिंगणापूर म्हटलं की घरांना कडी-कुलूप न लावण्याची तिथली रीत आठवते. अशा मोकळ्या अंगणात गुलाब लावायचा, तर कोणता? माझं उत्तर एकच : गावठी.

कलमी गुलाब देखणा खरा. पण तो वाढतो परक्या मुळांवर. १९७२ सारख्या दुष्काळात वरचं कलम वाळलं, तर खालून फुटतो तो रानगुलाब! फांदीपासून लावलेल्या गावठी गुलाबाचं मूळ मात्र त्याचं स्वतःचंच. शेंडा गेला, तरी मूळ जिवंत असेल तर बुडातून तोच सुवासिक गुलाब पुन्हा फुटतो.

पावसाळ्यात पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब फांदी लावा. नेवासे तालुक्यातल्या काळ्या जमिनीत पाणी साचून मुळं कुजतात. म्हणून मातीत शेणखत आणि वाळू मिसळा. उन्हाळ्यात तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी घाला, बुडाशी उसाचं पाचट पसरा. ऑक्टोबरात वाळक्या फांद्या छाटा.

आणि गुरुजी, शाळेच्या आवारात असं एक झाड असू द्या. छाटणीच्या वेळी निघालेल्या चांगल्या फांद्या मुलांच्या हाती द्या. पैसा न मोजता गुलाब घरोघरी पोचेल; गुलकंदाच्या बरणीची सोय होईल, ती वेगळीच!