13,861 या आकड्याचं काय करायचं?

बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेली मुलं मनोविकारांच्या प्रकरणापर्यंत खुशीत असतात. संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र आलं की वर्ग ओस पडतो. त्यात मुलांची चूक थोडी, पुस्तकांची जास्त. उदाहरणं सगळी उंदरांची, नाही तर अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांची. आज आपण बीड जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ.

ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली राज्यभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13,861 जणींची ‘पिशवी काढलेली’ निघाली. आकडा ऐकून काळजात चर्र होतं. पण अभ्यास करणाऱ्यानं आधी भागाकार करावा. शंभरात जवळजवळ 17 जणी.

हे जास्त आहे का? 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या 15 ते 49 वयाच्या महिलांमध्ये हे प्रमाण शंभरात साधारण 3 होतं. म्हणजे पाचपट! पण राष्ट्रीय पाहणीत पंधरा-सोळा वर्षांच्या शाळकरी मुलीही धरल्या आहेत. कोयत्यावर जाणाऱ्या बहुतेक जणी लग्न झालेल्या, लेकुरवाळ्या. तेव्हा पस्तिशीतल्या बाईची तुलना पस्तिशीतल्या बाईशीच करायला हवी. तशी केली म्हणून फरक पुसून जाईल असं मला मुळीच वाटत नाही. मात्र मग तो आकडा कुणाला खोडता येणार नाही.

आता नमुन्याकडे येऊ. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात सगळा एकाच आचेवर शिजलेला असतो. गावाचं तसं नसतं. समजा, तुम्ही जानेवारीत धारूर किंवा वडवणी तालुक्यातल्या एखाद्या गावी प्रश्नावली घेऊन गेलात. घरी कोण भेटेल? म्हातारी माणसं, शाळेसाठी मागं ठेवलेली पोरं आणि ज्यांना तोडीला जावं लागत नाही अशी घरं. टोळ्या दिवाळीच्या सुमारासच पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात गेलेल्या. ज्यांच्याविषयी विचारायचं, त्याच गावात नाहीत. दोनशे अर्ज भरून आणले तरी ती पाहणी ऊसतोड कामगारांची होत नाही. त्यासाठी पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, टोळ्या परतायची वाट पाहायची, नाही तर थेट उसाच्या फडावर जायचं.

फडावर गेलात तर दुसरीच अडचण. कोपीसमोर, म्हणजे झोपडीसमोर, बाई बोलायला बसली आणि चार हातांवर टोळी आणणारा मुकादम उभा. ‘तुमच्यावर दबाव होता का?’ असं विचारलं तर ती ‘नाही’ म्हणणार. एकटी असेल आणि विचारणारी गावातली ओळखीची आशाताई असेल, तर कदाचित ‘होता’ म्हणेल. प्रश्न तोच, उत्तर निराळं. शिवाय त्या प्रश्नातच आपण उत्तर सुचवून ठेवलेलं आहे. ‘पिशवी काढायचं कसं ठरलं?’ एवढंच विचारावं आणि गप्प बसावं. मला विचाराल तर मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यानं पहिल्या वर्षी एवढं गप्प बसणं शिकलं तरी पुष्कळ.

उत्तरं गोळा झाली की सरासरी काढायची वेळ येते, म्हणून मध्यमान आणि मध्यांक यांतला फरक चटकन सांगतो. कल्पना करा, चार जोडप्यांनी प्रत्येकी 60 हजार उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली आणि मुकादमाच्या नावावर 6 लाख 60 हजार आहेत. पाचांचं मध्यमान 1 लाख 80 हजार. एवढी रक्कम त्यांतल्या एकाच्याही हातात पडलेली नाही. मध्यांक, म्हणजे रकमा क्रमानं लावल्यावर मधोमध येणारी, 60 हजार, तो खरा.

सगळ्यांत जास्त घसरगुंडी होते ती सहसंबंधापाशी. ऊसतोड आणि शस्त्रक्रिया दोन्ही एकत्र दिसतात, म्हणून एकामुळे दुसरं घडतं असं आपण धरून चालतो. तसं असूही शकेल. खाडा झाला की पैसे कापले जातात, फडावर ना पाणी ना आडोसा, तेव्हा पाळीची कटकट कायमची मिटवावी असं बाईला वाटू शकतं. पण उलटंही घडतं. ऑपरेशनचा खर्च उचल घेऊन भागवला आणि ती फेडायला पुन्हा कोयता हातात घ्यावा लागला. तिसरी शक्यता बालविवाहाची. सोळाव्या वर्षी लग्न, विशीत दोन-तीन बाळंतपणं, त्यातून अंगावर काढलेली दुखणी. मग ऊस आणि ऑपरेशन या दोन्हींचं मूळ तिसरीकडेच. यातलं काय किती खरं, हे प्रयोग करून तपासता येणार नाही. कुणाला चिठ्ठ्या टाकून फडावर धाडता येत नाही. त्याच बायांना वर्षानुवर्षं भेटून आधी काय झालं आणि नंतर काय, याची नोंद ठेवणं एवढंच हाती उरतं.

आता 2019 नंतरचं. खासगी दवाखान्यांना ही शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं सक्तीचं झालं. समजा, त्यानंतर जिल्ह्यातला आकडा उतरला. नियम लागू पडला म्हणायचं का? पाटोद्याची बाई जामखेडला जाऊ शकते, केजची बार्शीला. तिची नोंद बीडच्या रजिस्टरात येणारच नाही. म्हणून मोजणी दवाखान्याच्या नव्हे, घराच्या दारातून करायची. आणि जोडीला ज्या जिल्ह्यात तेव्हा असा नियम नव्हता, तिथलीही ऊसतोड गावं घ्यायची. पुस्तकात ज्याला नियंत्रित गट म्हणतात, तो इथं ती गावं.