"तो चालवत नव्हता, मागे बसला होता"

(साक्री येथे प्रभाग संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



बचत, कर्ज, परतफेड हे विषय झाले. आता दहा मिनिटं मला वेगळं बोलायचंय. लग्नसराई तोंडावर आहे. हळद आली, वरात आली की आपली पोरं एका मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून या गावाहून त्या गावाला जातात. आपला तालुका धुळे-सुरत महामार्गावरचा. रात्री नाकाबंदी असते, गाडी थांबवली जाते. चालवणारा कधी शुद्धीत असतो, पण मागे बसलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या तोंडाला वास येत असतो. आणि आपण घरी म्हणतो, "आमचा पोरगा चालवत नव्हता, तो तर मागे बसला होता."

मागे बसला म्हणून विषय संपतो का? नाही संपत. म्हणून कायदा काय म्हणतो ते आधी समजून घेऊ.

फुंकर मारायचं यंत्र मोटार वाहन कायद्यात चालवणाऱ्यासाठी आहे. त्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू निघाली, तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चालवणाराच अठराच्या आतला असेल तर पालक किंवा गाडीमालक अडकतो: २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. त्या पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही.

आता मागे बसलेला. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ आणि कडक दारूसाठी २५ लागतं. म्हणजे सतरा वर्षांच्या पोराच्या हातात ग्लास येतो, तेव्हा कोणीतरी मोठ्या माणसाने कायदा मोडलेला असतो. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७७ बघा. अठराच्या आतल्या मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. बाटलीची असो की हातभट्टीची, दुकानदाराने दिलेली असो की मांडवात काकाने पाजलेली.

बायांनो, हे कलम आपल्याकडे कोणी बोलत नाही. आपण पोराला बडवतो, चालवणाऱ्याला शिव्या देतो, पोलिसांना नावं ठेवतो. पाजणारा मात्र दुसऱ्या दिवशी पंगतीत पुढे बसलेला असतो.

मागच्या हंगामात आपल्याच एका गटातल्या ताईंचा रात्री फोन आला. "मॅडम, पोऱ्याला धरलंय. गावातला एक जण म्हणतो, पाच हजार द्या, मी मिटवतो. गटाच्या पेटीतून घेऊ का?" मी म्हटलं, पैसे नका काढू. पोराचा शाळेचा दाखला घ्या, गटातल्या दोघींना सोबत घ्या आणि स्वतः जा. त्या गेल्या. गाडीवर तिघं होते, चालवणाऱ्याला चलान झालं, पावती मिळाली. पोरगा समज देऊन आईच्या ताब्यात आला. पाच हजार वाचले. पण दारू कोणी दिली? नवरदेवाकडच्याच एका वडीलधाऱ्या माणसाने. ते नाव कुठे लिहिलं गेलं नाही. ताई म्हणाल्या, "मला त्याच गावात राहायचंय ना." त्यांचंही खरं आहे. एकटी बाई हे नाव घेऊ शकत नाही. म्हणून तर हा विषय संघात आणला.

तुम्ही पुण्याचं प्रकरण टीव्हीवर पाहिलं असेल. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांचा मुलगा चालवत असल्याचा आरोप असलेल्या महागड्या गाडीने मोटारसायकलला उडवलं. एक तरुण आणि एक तरुणी, दोघंही इंजिनिअर, जिवानिशी गेले. त्या रात्री मुलांना दारू दिली म्हणून बारच्या मालक-व्यवस्थापकांवर बाल न्याय कायद्यानेच गुन्हा दाखल झाला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनचे डॉक्टर, मुलाचे आई-वडील पकडले गेले. गाडीत नुसत्या बसलेल्या मुलांचेही नमुने बदलल्याचा आरोप झाला, त्यातही घरची आणि ओळखीची मोठी माणसं अडकली. निकाल कोर्ट देईल. पण "मिटवून टाकू" म्हणून उचललेलं पाऊल कुठे नेतं, ते दिसलं ना? त्यांच्याकडे तर पैसा होता. आपल्याकडे काय आहे?

अजून एक गोष्ट, आपल्या भागाची. नवापूर ओलांडलं की गुजरात. तिथे दारूबंदी आहे. कामाला किंवा लग्नाला सुरतेकडे जाणाऱ्या पोरांना सांगून ठेवा, तिथे पिणं हाच गुन्हा आहे, मग गाडी तुम्ही चालवा की मागच्या सीटवर झोपा. गाडीत बाटली सापडली तर गाडीही जप्त होऊ शकते.

आता रात्री फोन आला तर काय करायचं, ते लिहून घ्या.

एक. वयाचा पुरावा तयार ठेवा. शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. नुसत्या आधारवर भागत नाही.

दोन. अठराच्या आतल्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही. ताब्यात घेतलं तर पालकांना कळवावं लागतं आणि चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. त्यांनाच भेटायचंय असं शांतपणे सांगा. आवाज चढवायची गरज नाही.

तीन. दंड असेल तर चलान घ्या. पावतीशिवाय रुपया नाही, मध्यस्थाला तर अजिबात नाही.

चार. गटाचे पैसे बैठक न घेता, नोंद न करता उचलायचे नाहीत. पंचसूत्री रात्री बारा वाजताही लागू असते.

पाच. मुलाचं नाव आणि फोटो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, कोणाला टाकू देऊ नका. तोही गुन्हा आहे.

मुलांसाठी १०९८, तातडीला ११२, मोफत वकिलासाठी १५१०० किंवा तालुका विधी सेवा समिती. बाईला आणि बालकाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती ते विचारत नाहीत.

आणि पोरगा घरी आला की लगेच हात उगारू नका. मार खाल्लेला पोरगा पुढच्या वेळी फोन करत नाही. मग फोन येतो तो दवाखान्यातून. आधी जेवू घाला, झोपू द्या. सकाळी एकच प्रश्न विचारा: "तुला दिली कोणी?"

माझी संघाला विनंती आहे. या महिन्यात प्रत्येक ग्रामसंघाने एक ठराव घ्यावा. आपल्या गावातल्या लग्नात अठराच्या आतल्या पोराला कोणी दारू देणार नाही, आणि दिली तर तक्रार एकट्या आईच्या नावाने नाही, ग्रामसंघाच्या लेटरहेडवर जाईल. खाली सगळ्यांच्या सह्या, अंगठे. पत्रिका वाटायला येतील तेव्हाच वर आणि वधू दोन्हीकडच्यांना हा ठराव वाचून दाखवा. कोणी हसलं तर हसू द्या. गट सुरू केला तेव्हाही हसले होतेच.

ठरावाची प्रत पुढच्या सभेत माझ्याकडे द्या. किती गावांच्या आल्या ते मी याच जागी उभी राहून वाचून दाखवीन.