पाठांतर आणि निदान



मराठीच्या प्राध्यापकाने वैद्यकाच्या परीक्षेवर बोलावे, हा आगाऊपणाच आहे. परंतु परदेशात वैद्यक शिकून आलेली माझी नात सध्या चाळणी परीक्षेची उजळणी करीत आहे आणि पुस्तक धरून प्रश्न विचारण्याचे काम मजकडे आले आहे. २००२ साली सुरू झालेल्या या परीक्षेत ३०० प्रश्न, ३०० मिनिटे; १५० गुण मिळाले की उत्तीर्ण.

प्रारंभी ती नुसते तक्ते घोकी. ईसीजीच्या दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये एसटी रेषा उंचावली, तर झटका हृदयाच्या खालच्या भिंतीला. उजवीकडच्या लीडही पाहाव्यात, नायट्रेट जपून. दुसऱ्या दिवशी हे शेवटचे ती विसरली. ज्यांच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान आहे, ते गुरुजी रूपे पाठ म्हणवून घेत आणि लगेच विचारीत, "का?" मीही तेच विचारले. ती थबकली, मग म्हणाली, "आजोबा, उजवा कप्पा दुखावला की परत येणाऱ्या रक्तावरच त्याची भिस्त. नायट्रेटने शिरा सैलावतात, ते रक्त घटते, रक्तदाब कोसळतो." पुढे ती हे विसरली नाही.

मी पाठांतराची टवाळी करणाऱ्यांपैकी नव्हे. अपरात्री पुस्तक उघडायला सवड कुठली?

या परीक्षेतले पुष्कळ प्रश्न म्हणजे चार ओळींची गोष्ट असते. 'साठ वर्षांची मधुमेही स्त्री. घाम, मळमळ, पोटात वरच्या बाजूला दुखणे.' हे वाचताना माझा आवाज अडला. तिची आजी अशाच एका रात्री म्हणाली होती, "छातीत काही नाही हो, पित्त वाढलंय." दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने तोच शब्द उचलला आणि पित्ताची गोळी दिली. ईसीजी निघाला तो पहाटे. तोवर उशीर झाला होता.

त्याला माहिती नव्हती, असे मी मानत नाही. मधुमेहात मज्जातंतू दुखावतात, छातीतली कळ जाणवेलच असे नाही, हे त्याने परीक्षेत लिहिलेही असेल. 'पित्त' या शब्दाशी मात्र त्याची गाठ कोणी घालून दिली नव्हती.

नातीने त्या पानाच्या समासात लिहिले: पित्त, अपचन, गॅस; आणि पुढे, ईसीजी. आता तक्रार मी घरच्या बोलीत सांगतो आणि ती प्रश्न विचारते. काल 'चक्कर येते' एवढ्यावरच पाऊण तास गेला. घर फिरते की डोळ्यांपुढे अंधारी येते? उठताना की कुशीवर वळताना? की नुसतेच गळून गेल्यासारखे वाटते?