मनाच्या डॉक्टरकडे पहिल्यांदा जाताना



दर वेळी मी आपल्याशी बियाणे, खते, नाही तर कीड-रोगांविषयी बोलतो. आज विषय जरा निराळा आहे. झोप उडाली आहे, घास गिळवत नाही, शेतात गेले तरी हात चालत नाही, चारचौघांत बसणे नको वाटते, असे सलग दोन आठवडे चालले असेल तर तो आळस नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. तो आजार असू शकतो. त्यावर जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात उपचार मिळतात, हे पुष्कळांच्या कानावर आलेले आहे. पण तिथे पहिल्यांदा जाताना काय तयारी करावी, हे सहसा कोणी सांगत नाही. तेवढेच आज सांगतो.

आधी घरचीच गोष्ट. माझे थोरले बंधू शेती बघतात. त्यांना विचारूनच ही हकिकत सांगत आहे. लागोपाठ दोन हंगाम काढणीचे सोयाबीन पावसात सापडले आणि दादांची झोप गेली. मी त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी घेऊन गेलो. केसपेपरच्या खिडकीवर विचारले, "काय त्रास आहे?" दादा म्हणाले, "अंग दुखतं." मी शेजारीच उभा होतो. मागे आपल्याच भागातली दोन माणसे रांगेत दिसली, म्हणून मीही गप्प राहिलो. साहजिकच आम्हाला नेहमीच्या ओपीडीत पाठवले. अंगदुखीच्या गोळ्या घेऊन आम्ही घरी परत आलो. इतरांना सल्ला देणारा मी, पण त्या दिवशी माझीच जीभ उचलली नाही.

दुसऱ्या खेपेची तयारी वहिनींनी केली. भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या रोजच्या दुधाचा हिशेब लिहितात. त्याच चौकोनात त्यांनी लिहायला सुरुवात केली: रात्री किती वाजता जाग आली, भाकरी अर्धी की पाव, दिवसभर शेतात गेले की नाही. पंधरा दिवसांनी ते पान फाडून त्यांनी दादांच्या खिशात घातले. आत गेल्यावर दादांना पुन्हा शब्द सुचेनात, तेव्हा त्यांनी ते पान डॉक्टरांपुढे ठेवले. बोलणे तिथून सुरू झाले.

मातीचा नमुना आणताना आपण काय करतो? बांधालगतची, उकिरड्याजवळची, झाडाखालची माती टाळून शेतातल्या आठ-दहा जागांची माती घेतो, ती मिसळून अर्धा किलो पिशवीत भरतो आणि आत चिठ्ठी टाकतो. चिठ्ठीवर मागचे पीक कोणते, पुढे काय घ्यायचे आहे, ते लिहितो. चिठ्ठीच नसेल तर शिफारस कशाच्या आधारे द्यायची? डॉक्टरांचेही तसेच आहे. त्यांना तुमच्या रात्री दिसत नाहीत.

तेव्हा निघण्याआधी आठवडाभर तरी अशी नोंद ठेवावी. लिहिता येत नसेल तर मुलांकडून लिहून घ्यावी. त्रास केव्हापासून सुरू झाला आणि त्या सुमारास घरात, शेतात काय घडले होते, हे दोन ओळींत टिपावे. रक्तदाब, साखर, थायरॉईड, ज्या काही गोळ्या चालू असतील त्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. वैद्याचा काढा किंवा दुकानातून आणलेली झोपेची गोळी असेल तर तीही दाखवावी. अंगात रक्त कमी असले किंवा थायरॉईड बिघडले तरी माणूस असाच गळून जातो, म्हणून डॉक्टर रक्त तपासायला सांगतील. तुम्ही फवारणी करत असाल तर कोणते औषध मारता आणि शेवटचे केव्हा मारले, हे न विचारता सांगावे. हे मी शेतीखात्याचा माणूस म्हणून मुद्दाम सांगतो.

दारूचे प्रमाण खरे सांगावे. "कधीमधी" म्हणू नये, रोज किती ते सांगावे. मात्र डॉक्टरकडे जायचे म्हणून रोजची दारू एका दिवसात आपल्या मनाने बंदही करू नये. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर झटके येऊ शकतात. ती कशी सोडायची, हे डॉक्टरच सांगतील.

बरोबर एकच विश्वासाचे माणूस न्यावे. सगळा गोतावळा नको. काही गोष्टी बायकोसमोर किंवा भावासमोर निघत नाहीत. अशा वेळी "थोडं एकट्याला बोलायचं आहे" असे सरळ म्हणावे, त्यात वावगे काही नाही. तुमचे बोलणे गुप्त ठेवण्याचे बंधन २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने घातले आहे. ते सोसायटीला, बँकेला, सरपंचाला कळवले जात नाही. जिवालाच धोका असेल तर मात्र घरच्यांना विश्वासात घेतात, आणि ते योग्यच आहे.

एक प्रश्न हमखास विचारतील: जीव द्यावासा वाटतो का? दचकू नका. असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येत नाही. विचार आला असेल तर "हो" म्हणा. तेवढ्याने पोलीस केस होत नाही.

पहिल्या भेटीत बहुतेक वेळ प्रश्नोत्तरांतच जातो. बाहेर पडताना मन हलके होईलच असे नाही. उलट कुणाकुणाला त्या रात्री जास्त जड वाटते. गोळ्या दिल्या तर गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणून आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून त्या बंद करू नयेत. काही त्रास झाला तर आपल्या मनाने न सोडता डॉक्टरांना कळवावे. पुढची तारीख विचारून घेतल्याशिवाय उठू नये.

आणि समुपदेशक कर्ज फेडत नाही, हेही स्पष्ट सांगतो. कर्जाचे काम बँकेतच करावे लागते. पण पंधरा रात्री न झोपलेल्या माणसाला बँकेचा एक फॉर्मसुद्धा धड भरता येत नाही, हे मी घरात पाहिले आहे.

"एवढी सुगी होऊ द्या, मग बघू," असे पुष्कळ जण म्हणतात. कोणत्या वारी डॉक्टर असतात ते आशाताईंना विचारा आणि पहिला वार धरून निघा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. लाजेचे म्हणाल, तर अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी नैराश्याच्या शंभर रुग्णांपैकी जेमतेम ४ जण मदत घेत होते. गावातल्याच शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी दीड वर्ष काम केल्यावर हा आकडा २७ वर गेला.

मात्र जीव देण्याचा विचार पुन्हा पुन्हा येत असेल तर वाराची वाट पाहू नये. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. अशा माणसाला एकटे सोडू नये. त्याच्या हातून काही घडलेच तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. आणि घरच्यांनी फवारणीची औषधे त्याच दिवशी कुलपात घालावीत. किल्ली त्याच्याजवळ नको. आमच्याकडे ती वर्षभर वहिनींच्या कमरेला होती. फवारणीच्या दिवशी लागेल तेवढेच औषध त्या मोजून देत, आणि रिकामा डबा परत घेत.

दादा आता दर महिन्याला आपले आपण जाऊन येतात. पुढच्या भाषणात हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेविषयी बोलू.