विम्याचे न वाचलेले पान



आरोग्यविम्यातील मोफत तपासणी हा आमचा आजचा विषय. वसंतातील व्याख्यानांना तत्त्वज्ञान शोभते, साहित्य शोभते. त्यांच्या पंगतीत हा विषय काहीसा रूक्ष वाटेल. परंतु ज्या गोष्टीसाठी आपण वर्षानुवर्षे पैसे मोजतो आणि तरीही जी हातची जाऊ देतो, तिचा विचार करण्यात एक संध्याकाळ गेली तर ती वाया जाणार नाही, असा आम्हांला विश्वास वाटतो.

विमा ही मोठी चमत्कारिक खरेदी आहे. धान्य घ्यावे ते खाण्यासाठी, कापड घ्यावे ते नेसण्यासाठी. विमा मात्र आपण घेतो आणि तो वापरण्याची पाळी येऊ नये म्हणून देवाला हात जोडतो. त्यामुळेच की काय, पॉलिसीचे कागद एकदा कपाटात गेले की हप्त्याची तारीख येईपर्यंत त्यांची आठवण होत नाही. पण त्या कागदांत पुष्कळदा एक कलम असे असते की, त्याचा लाभ घेण्यासाठी आजारी पडावे लागत नाही. ते म्हणजे प्रतिबंधक तपासणीचे कलम. ‘फुकट ते पौष्टिक’ असे आपण थट्टेने म्हणतो. पण जे खरोखर पौष्टिक, नेमकी त्याच फुकटाकडे आपली पाठ! आणि खरे पाहता ते फुकटही नाही. त्याची किंमत हप्त्यात धरलेलीच आहे.

विमा कंपनीला आपल्या प्रकृतीची एवढी काळजी का, असे कोणी विचारील. उत्तर जुने आहे. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये ‘लाइफ एक्स्टेन्शन इन्स्टिट्यूट’ नावाची संस्था निघाली. अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर हे तिच्या संस्थापकांपैकी एक. ‘मेट्रोपॉलिटन लाइफ’ या विमा कंपनीने आपल्या विमेदारांच्या तपासणीचे काम या संस्थेकडे सोपविले. हिशेब सरळ होता: विमेदार जितका अधिक जगेल तितके कंपनीचे कल्याण. येथे स्वार्थ आणि परमार्थ एकाच गाडीत बसले होते. आपल्याकडे १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ सुरू केले. त्या धर्तीच्या पॉलिसींत लागोपाठ चार वर्षे क्लेम न केल्यास विमारकमेच्या एक टक्क्यापर्यंत तपासणीचा खर्च मिळे. म्हणजे पाच लाखांच्या विम्यावर पाच हजार रुपये. अलीकडच्या अनेक पॉलिसींत ही अट सैल झाली असून तपासणी दरवर्षीही मिळते. मात्र या वर्षी न घेतलेली तपासणी सहसा पुढच्या वर्षी जमा धरली जात नाही.

आता, धडधाकट माणसाने तपासणी का करून घ्यावी? दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते, असे आपली म्हण सांगते. पटकी-देवीच्या काळात ते खरे होते. आजचे मधुमेह आणि रक्तदाब हे रोग मात्र मुंगीच्याच पावलाने येतात आणि एकदा आले की बहुधा जातच नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची सुमारे १३ कोटी ६० लाख आणि उच्च रक्तदाब असलेल्यांची सुमारे ३१ कोटी ५० लाख असल्याचा अंदाज आहे. यांपैकी कितीतरी जणांना काहीच दुखत नसते. दुखत नाही म्हणून रोग नाही, हा आपला जुना समज या रोगांच्या पथ्यावर पडतो.

तपासणी न करण्यामागे आळसाइतकीच भीतीही असते. ‘काही निघाले तर कंपनी पॉलिसी बंद करील, नाहीतर हप्ता वाढवील’ ही शंका आम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकली आहे. तिचे निरसन केले पाहिजे. विमा नियामक प्राधिकरणाने २०२० साली घालून दिलेल्या प्रमाणित शर्तींनुसार, मागे क्लेम केला एवढ्याच कारणाने नूतनीकरण नाकारता येत नाही आणि एकट्या विमेदाराच्या क्लेमकडे बोट दाखवून त्याचा हप्ता चढविता येत नाही. वय वाढते आणि एकूण दर वाढतात तसा हप्ता वाढतो, ती गोष्ट वेगळी. आधीचा आजार म्हणजे पॉलिसी घेण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत ज्याचे निदान वा उपचार झाले तो. पॉलिसी चालू असताना प्रथमच सापडलेला रोग त्यात मोडत नाही. परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुढे विमारक्कम वाढवायची किंवा कंपनी बदलायची झाली, तर सापडलेला रोग लपविता येणार नाही आणि लपवूही नये. यावरून निष्कर्ष एवढाच निघतो की, पुरेसा विमा प्रकृती चांगली असतानाच उतरवावा. तपासणी टाळावी असा निघत नाही. आपण डोळे मिटले म्हणून रक्तातली साखर थांबत नाही.

येथपर्यंत आम्ही तपासणीची वकिली केली. आता तिच्याविरुद्धचा पुरावाही आपल्यापुढे ठेवतो. सरसकट आरोग्यतपासणीविषयी अडीच लाखांहून अधिक लोकांवर झालेल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. अशा तपासणीमुळे मृत्यूंचे प्रमाण फारसे कमी झालेले त्यात दिसले नाही. मग हा खटाटोप कशासाठी?

याचे उत्तर चेन्नईच्या एका प्रयोगात आहे, असे आम्हांला वाटते. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ माणसे निवडून डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे गट पाडले. निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला, त्यांच्यातील शंभरापैकी ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह जडला. ज्यांच्या मागे लागून रोज अर्धा तास चालणे आणि आहारातील पथ्य सांभाळून घेतले, त्यांच्यात हे प्रमाण ३९ वर आले. दोन्ही गटांची तपासणी झालीच होती. फरक पडला तो तपासणीनंतरच्या पावलांमुळे. तपासणीचा कागद हे औषध नव्हे. ते पत्र आहे. पत्र वाचून उठायचे की उशाखाली ठेवून झोपायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

म्हणून व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. घरी गेल्यावर पॉलिसी काढा, तपासणीचे कलम वाचा आणि कंपनीला विचारा: केव्हा मिळते, घरातील कोणाकोणाला मिळते, कोणत्या प्रयोगशाळेत मिळते, आणि तिच्यामुळे बोनसला धक्का लागतो काय? अनेक पॉलिसींत तसा धक्का लागत नाही. तरी आपल्या कागदात काय लिहिले आहे तेच खरे. कंपनीकडे आधी वेळ न ठरविता परस्पर तपासणी केल्यास पैसे न मिळण्याचा संभव असतो. रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, चरबी, मूत्रपिंडाचे काम या साध्या गोष्टी आधी पाहाव्यात. शंभर चाचण्यांच्या यादीला भुलू नये. पुष्कळ चाचण्या केल्या की एखादा आकडा निष्कारण इकडेतिकडे सरकतोच, आणि मग नसत्या काळजीचा व खर्चाचा फेरा सुरू होतो. अहवाल घेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे आणि दरवर्षीचे अहवाल एका फाईलीत लावून ठेवावेत. उपाशीपोटी साखर गेल्या वर्षी ९२, त्याआधी ८८ आणि यंदा १०८ असेल, तर या तीन आकड्यांची संगत जे सांगते ते एकटा १०८ सांगत नाही.

भगिनींना, आणि त्यांच्या घरच्यांनाही, एक विनंती. कुटुंबाच्या पॉलिसीत गृहिणीचे नाव असते, पण तपासणीला जातात ते बहुधा घरातील पुरुष. ‘मला काय झालंय?’ म्हणून ती स्वतःला वगळते आणि आपणही तिचे म्हणणे सोयीस्करपणे मान्य करतो. यंदा पहिली वेळ तिची ठरवावी.

ज्यांच्याकडे विमा नाही त्यांनीही निराश होऊ नये. ३० वर्षांवरील सर्वांसाठी रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाच्या कर्करोगाची, व स्त्रियांसाठी स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचीही तपासणी, असा सरकारचा कार्यक्रम आहे. जवळच्या आरोग्यकेंद्रात त्याची चौकशी करावी.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण मुलांना शिकवितो. येथे तर विहीर खणलेली आहे, तिचे पैसेही आपणच भरले आहेत. पोहरा तेवढा सोडायचा राहिला आहे. तो सोडावा आणि वर आलेले पाणी प्यावेही, एवढीच आपणां सर्वांना प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.